शंका-समाधान : कंपनी परदेशात, मालक पालीत

या सदराकडे पूर्वी पत्रं यायची ती सातबारा, वारसनोंद आणि जीएसटीच्या नोटिशीवर. आता परदेशात कंपनी काढण्याविषयी इतकी आली आहेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पाली, लांजा, साखरपा या पट्ट्यातून मुंबईला माणसं गेली, मग आखातात गेली. आता माणूस जागचा हलत नाही आणि कंपनीच परदेशी पाठवतो. कायद्याला त्याचं वावडं नाही. फक्त कर आणि परकीय चलनाचे नियम कंपनीच्या पत्त्याकडे नंतर पाहतात. आधी पाहतात ते तुम्ही राहता कुठे आणि काम करता कुठे. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

शंका : मी पालीत घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो. दोन अमेरिकन गिऱ्हाइकं आहेत. मोबाइलवर सारखी जाहिरात येते : ‘दोन दिवसांत अमेरिकेत कंपनी, कर शून्य.’ डेलावेअरला काढू की वायोमिंगला?

समाधान : जाहिरातीतला पहिला अर्धा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. अमेरिकेत एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढायला तिथलं नागरिकत्व लागत नाही, व्हिसा लागत नाही, तिथे पाऊल ठेवावं लागत नाही. त्या राज्यातला एक नोंदणीकृत एजंट नेमायचा, राज्याची फी भरायची, झाली कंपनी. तिथला सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी एसएस-४ अर्ज भरून कंपनीचा ईआयएन, म्हणजे आपल्या पॅनसारखा क्रमांक, मिळतो. डेलावेअरला एलएलसीला दरवर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलर भरावे लागतात, वायोमिंगला वार्षिक अहवालाचे किमान ६० डॉलर. तुमच्यासाठी दोन्ही राज्यांत एवढाच काय तो फरक.

‘कर शून्य’ ही अर्धवट माहिती आहे. एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला अमेरिकेचं आयकर खातं वेगळं अस्तित्व देत नाही. तिथे तुमचं ऑफिस नाही, नोकर नाहीत, काम सगळं पालीत होतं, तर तिथे सहसा कर लागत नाही हे बरोबर. पण फॉर्म ५४७२ दरवर्षी भरावाच लागतो. तुम्ही कंपनीत घातलेले आणि कंपनीतून काढलेले पैसे त्यात दाखवायचे असतात. तो चुकवला तर दंड २५,००० डॉलरचा. जाहिरातीत हा आकडा का नसतो हे मी सांगायला नको.

आता आपल्याकडचं. तुम्ही भारताचे रहिवासी, म्हणून जगभरचं उत्पन्न इथे करपात्र. एलएलसी वेगळी कंपनी आहे असं म्हणून पाहिलंत, तरी तिचा सगळा कारभार तुमच्या घरातून चालतो. अशा कंपनीला भारतातच निवासी ठरवणारा एक नियम आहे. वर्षाला ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना २०१७ च्या परिपत्रकाने त्यातून वगळलंय, त्यामुळे तुम्ही तिथे सुटता. पण काम भारतात होतं म्हणून उत्पन्न भारतात उपजलं, हा दुसरा नियम आहेच, आणि त्याला उलाढालीची मर्यादा नाही. म्हणजे कर चुकत नाही, कागद मात्र दोन देशांचे सांभाळायचे.

म्हणून माझा उलटा प्रश्न : कंपनी हवीय कशाला? दोन गिऱ्हाइकांना बिल पाठवायला पालीचा पत्ता पुरतो. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीसुद्धा लागत नाही. त्यावर गेलात तर नोंदणी करायची आणि दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरायचं. निर्यातीवर जीएसटी न लावता बिल करता येतं. बँकेकडून प्रत्येक रकमेचं परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवायचं. आयकरात तुमच्यासारख्या तांत्रिक व्यवसायाला अनुमानित पद्धत आहे : रोखीचा हिस्सा ५ टक्क्यांवर नसेल, तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेतली निम्मी रक्कम उत्पन्न धरून मोकळं होता येतं. या सोयीसाठी आयटीआर-४ हा सुटसुटीत फॉर्म आहे. परदेशी कंपनीत तुमचा वाटा आला की तो फॉर्म गेला, आयटीआर-३ आला.

दोन कारणं मात्र मला पटतात. एक, तुम्ही जगभर हजारो लहान गिऱ्हाइकांना महिन्याच्या वर्गणीवर काही विकत असाल आणि कार्डाने पैसे घ्यायचे असतील. स्ट्राइपने २०२४ पासून भारतातल्या नव्या व्यापाऱ्यांना फक्त निमंत्रणावरच घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून बरीच मुलं अमेरिकन कंपनीकडे वळली ती यासाठी. दुसरं, अमेरिकन गुंतवणूकदार पैसे घालायला खरोखर तयार असेल आणि त्याला डेलावेअरचंच कॉर्पोरेशन हवं असेल. ‘उद्या मिळेल’ म्हणून आज कंपनी काढून ठेवू नका. यात आणखी एक खोच आहे. डेलावेअरला कंपनी काढायची आणि तिच्या नावाने पुण्यात उपकंपनी उघडायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. २०२२ च्या नियमांप्रमाणे भारतात राहणाऱ्या व्यक्तीचं ज्या परदेशी कंपनीवर नियंत्रण आहे, तिला उपकंपनी असेल तर त्या व्यक्तीला त्या परदेशी कंपनीत थेट गुंतवणूक करता येत नाही. हा सल्ला देणाऱ्याने हा नियम वाचलाय का, हे आधी विचारून घ्या.

शंका : तुम्ही म्हणता ते कळलं, पण मी कंपनी काढून बसलोय. दीड वर्ष झालं. फी कार्डाने भरली, बँकेला काही सांगितलं नाही. आता?

समाधान : घाबरू नका, पण आणखी पैसे तिकडे पाठवू नका.

नियम काय होता ते आधी सांगतो. २२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू आहेत. न सूचिबद्ध झालेल्या परदेशी कंपनीच्या भांडवलात एक रुपया जरी घातला, तरी ती ‘थेट परदेशी गुंतवणूक’ होते. ती करण्याआधी बँकेकडे फॉर्म एफसी द्यायचा, बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर मिळवायचा, आणि मग पैसे पाठवायचे. हा क्रम उलटा चालत नाही. पैसे जाण्याचे मार्गही ठरवून दिलेत. भांडवलाची रक्कम बँकेमार्फत, योग्य परपज कोड टाकून गेली पाहिजे. ‘भेट’ किंवा ‘सॉफ्टवेअर खरेदी’ असा कोड टाकून पाठवलेली रक्कम नंतर भांडवल म्हणून दाखवायला गेलं की तोंडघशी पडायला होतं. वर्षाची मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर, आणि त्यात तुमचा परदेश प्रवास, मुलाची फी सगळं आलं. १० लाख रुपयांच्या वर गेलात तर गुंतवणुकीच्या त्यावरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात. पण तोवर अडकून राहतात.

पैसे गेल्यावर सहा महिन्यांत शेअर मिळाल्याचा पुरावा बँकेला द्यायचा. आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल द्यायचा.

तुमचं यातलं काहीच झालेलं नाही. उपाय असा : तुमच्या बँकेच्या परकीय चलन व्यवहार करणाऱ्या शाखेकडे जा. पालीच्या शाखेत अर्ज टाकलात तर तो बहुधा तिथून पुढेच जाणार आहे, मधले आठवडे वाया. शाखेतले लोक वाईट नाहीत, त्यांच्या टेबलावर हा फॉर्म कधी आलेलाच नसतो. उशिराच्या नोंदीसाठी लेट सबमिशन फी भरून प्रकरण नियमित करता येतं. नुसता उशीर झाला असेल तर फी, नियमच मोडला असेल तर रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज. नियमित होईपर्यंत नवी गुंतवणूक बंद.

‘माझ्या एलएलसीत भांडवलच शून्य आहे,’ असंही तुम्ही लिहिलंय. भांडवल शून्य म्हणून जबाबदारी शून्य होत नाही. आयकर विवरणपत्रात ‘शेड्यूल एफए’ असतं. परदेशी खातं, शेअर, कंपनीतला वाटा, दुसऱ्याच्या खात्यावर सही करायचा अधिकार, सगळं तिथे लिहायचं. यात आर्थिक वर्ष धरायचं नसतं, ३१ डिसेंबरला संपणारं कॅलेंडर वर्ष धरायचं असतं. इथे भलेभले चुकतात. न लिहिल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या स्थावर सोडून इतर मालमत्तेला या दंडातून सूट मिळालीय, पण सूट दंडातून आहे, लिहिण्यातून नाही. आणि कोणाला कळतंय, या भरवशावर राहू नका. बँकखात्यांची माहिती देशादेशांत आपोआप जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने त्या माहितीवरूनच करदात्यांना संदेश पाठवले होते. विवरणपत्र सुधारून भरायची मुदत शिल्लक असेल तर ते काम आजच करा, बँकेचं उद्या.

शंका : आमची पालीजवळ हापूसची बाग आहे. दरवर्षी वाशीचा दलाल भाव ठरवतो. दुबईला स्वतःची कंपनी काढून पेट्या थेट पाठवल्या तर? लंडनचाही विचार आहे.

समाधान : दुबईचं नाव काढलं की आपल्याकडे धनंजय दातारांचं उदाहरण निघतं. त्यांच्या अल अदिल या साखळीचं पहिलं किराणा दुकान त्यांच्या वडिलांनी १९८४ मध्ये तिथे उघडलं. त्याच १९८४ साली अमिरातीच्या कंपनी कायद्याने कंपनीत ५१ टक्के वाटा स्थानिक भागीदाराचा असावा अशी अट घातली होती. जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ती अट उठली आणि फ्री झोनच्या बाहेरही पूर्ण मालकी परदेशी माणसाला ठेवता येते. म्हणजे दार पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळं झालंय. पण आत गेल्यावर भाडं आहे, परवान्याचं वार्षिक नूतनीकरण आहे, आणि १ जून २०२३ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. फ्री झोनमध्ये शून्य टक्के मिळतो तो अटींवर. तिथून दुबईच्या बाजारात माल विकणाऱ्याला तो मिळेलच असं नाही. सगळ्यात जड जातं ते बँकखातं. परवाना झटपट निघतो. खातं उघडताना बँक विचारते की धंदा कुठे आहे, गिऱ्हाईक कोण, मालक राहतो कुठे. ‘मालक पालीत’ हे उत्तर तिला फारसं आवडत नाही.

आणि आंब्याला हे सगळं लागत नाही. निर्यातीसाठी तुम्हाला इथला आयातनिर्यात कोड हवा, अपेडाची नोंदणी हवी, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट हवं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्या, अजून केली नसेल तर. अमेरिकेला जायचं तर विकिरण लागतं, युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया. मे २०१४ मध्ये फळमाशी सापडल्यावरून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता, तो पुढच्या वर्षी उघडला. त्या हंगामात ब्रिटनही संघातच होतं. तेव्हा तुमची लंडनला कंपनी असती तरी तुमची एक पेटी तिथे उतरली नसती. माल अडतो तो फळावर, कंपनीवर नाही.

कंपनीचा उपयोग कधी? तिथे स्वतः माल उतरवून, शीतगृहात ठेवून, दुकानादुकानांत विकायचा असेल तेव्हा. त्यासाठी तिथे माणूस लागतो. नुसत्या कागदावरच्या कंपनीने दलाल जात नाही, फक्त वाशीचा जाऊन दुबईचा येतो.

तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे : ‘इथे कमी दराने बिल करू, तिथे चढ्या भावाने विकू, नफा तिथे राहील.’ ही कल्पना सोडा. समजा पेटी इथे १,५०० रुपयांना दाखवली आणि तीच दुसऱ्या कोणा निर्यातदाराकडून दुबईला ३,००० ला जातेय. तुमची कंपनी आणि तुम्ही म्हणजे संबंधित पक्ष. अशा व्यवहारात दर परक्या माणसाला लावला असता तोच लावावा लागतो आणि तसा सीएचा अहवाल विवरणपत्राच्या मुदतीच्या महिनाभर आधी द्यावा लागतो. वर निर्यातीचं पूर्ण मोल भारतात न आणणं हा परकीय चलन कायद्याचा भंग. गंमत अशी की स्वतःच्या बागेतल्या आंब्याचं उत्पन्न इथे शेतीचं म्हणून आयकरातून सुटतं. तोच नफा दुबईच्या कंपनीत नेऊन लाभांश म्हणून परत आणला की तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. करमुक्त पैसा विमानात बसवून करपात्र करून आणायचा!

माझं ऐकाल तर पहिले दोन हंगाम तिथल्या आयातदाराला माल द्या, आगाऊ रक्कम किंवा पतपत्र घेऊन. लहान बागायतदारांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली तर तिच्या नावाने निर्यात करणंही जमतं. परदेशी कंपनीचं त्यानंतर बघू.

शंका : मुलगा लंडनला शिकतोय. त्याला कंपनी काढायचीय, पण ‘आई, तुझ्या नावाने काढू, तू फक्त ओटीपी सांग’ म्हणतो. सांगू का?

समाधान : ताई, ओटीपी सांगू नका.

ब्रिटनमध्ये परदेशात राहणाऱ्या माणसाला संचालक होता येतं, यात गैर काही नाही. १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकांना ओळख पडताळणी सक्तीची झालीय, तीही इथून करता येते. प्रश्न वेगळा आहे. मुलगा स्वतःच्या नावाने का काढत नाही? कारण विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करायला मनाई असते. तुमचं नाव लावून तो कारभार करणार असेल तर व्हिसाची अट मोडतेच. शिवाय कंपनीवर खरं नियंत्रण कोणाचं हे तिथे जाहीर करावं लागतं, आणि खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. सही तुमची असणार.

संचालक झालात की तुमचं नाव, राष्ट्रीयत्व, जन्माचा महिना आणि वर्ष तिथल्या नोंदवहीत कोणालाही फुकट पाहायला मिळतं. हिशेब उशिरा दिले तर दंड १५० पौंडांपासून सुरू होतो आणि सहा महिने ओलांडले की १,५०० होतो. आणि शेअर तुमच्या नावावर आले की वरच्या उत्तरातलं फॉर्म एफसी, शेड्यूल एफए हे सगळं तुमच्या मागे लागलं. तुमचं पेन्शनचं साधं विवरणपत्र आयटीआर-१ मध्ये बसतं, ते बसायचं थांबेल. मुलाला म्हणावं, शिक्षण संपव, धंदा करू देणारा व्हिसा घे, मग तुझ्या नावाने काढ. भांडवलाला मदत लागली तर आई आहे.

शंका : एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेतली की युरोपात राहता येतं का? सिंगापूर बरं की तेच?

समाधान : नाही. डिसेंबर २०१४ पासून एस्टोनिया देतं ती ओळख डिजिटल सहीची आहे. व्हिसा नाही, नागरिकत्व नाही, करनिवासही नाही. कंपनी मात्र तिच्यावर घरबसल्या निघते. सिंगापूरला किमान एक संचालक तिथलाच रहिवासी लागतो. तुमचं कोणी नसेल तर दरसाल पैसे मोजून नामधारी माणूस ठेवायचा. पत्रावरून तुमचा धंदा काय हेच कळलं नाही. ते कळवा, देश मग ठरवू.

शंका : मी मूळचा पालीचा, बारा वर्षं दुबईत. मला उलटं करायचंय. पालीच्या वडिलोपार्जित घराच्या पत्त्यावर भारतीय कंपनी काढायचीय : कोकम, काजू, आंबापोळी यांचा व्यापार. जमल्यास कंपनीच्या नावाने थोडी कलमांची जमीन घ्यायची. अनिवासी म्हणून अडचण येईल?

समाधान : व्यापाराला नाही, जमिनीला हो.

जमिनीचं आधी निकालात काढू. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कंपनीला परवानगीशिवाय घेता येत नाही. त्यातून अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घ्यायला परकीय चलन कायद्यातही बंदी आहे, वारसाने आलेली ठेवता येते. शेती किंवा मळ्याचा धंदा करणाऱ्या कंपनीत, पैसे परत नेणार नाही या बोलीवरसुद्धा, तुम्हाला भांडवल घालता येत नाही. म्हणून कंपनीच्या उद्दिष्टांत ‘शेती’ हा शब्द हौसेने घालू नका. माल विकत घेणं, प्रक्रिया, विक्री, एवढंच ठेवा.

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात आणि त्यातला एक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा. भाऊ, बहीण, विश्वासातलं कोणी पाहा. मात्र त्याला जबाबदारी समजावून मग सही घ्या. एकट्याची कंपनी १ एप्रिल २०२१ पासून अनिवासी भारतीय नागरिकालाही काढता येते, पण इथे राहणाऱ्या संचालकाची अट तिथेही सुटत नाही. पैसे कोणत्या बोलीवर घालताय हे पहिल्याच दिवशी ठरवा. परत नेणार नसाल तर ती देशी गुंतवणुकीसारखी धरतात आणि कागद कमी. परत नेण्याचा हक्क ठेवायचा असेल तर शेअर वाटल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर भरावा लागतो. दुबईत केलेल्या सह्यांवर अपॉस्टिल मागू नका, अमिराती अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात नाहीत. आपल्या वकिलातीचं साक्षांकन घ्या. त्यापेक्षा मे महिन्यात किंवा गणपतीला आलात की सगळ्या सह्या इथेच उरका.

खरी अडचण पत्त्याची येणार आहे. नोंदणीकृत कार्यालयासाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल, जागेच्या मालकीचा कागद आणि मालकाची ना-हरकत लागते. तुम्ही पाठवलेली घरपट्टीची पावती पाहिली. तिच्यावर नाव तुमच्या आजोबांचं आहे, आणि वीजबिल चुलत्यांच्या नावावर. आजोबा ना-हरकत देऊ शकत नाहीत. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, वारसांची नावं चढवायला अर्ज द्या, आणि हिस्सेदार किती आहेत ते मोजा. मुंबईत असतील, बडोद्याला असतील, सगळ्यांच्या सह्या लागतील. त्याला किती वेळ लागेल हे तुमच्या भावकीवर अवलंबून आहे. तोवर थांबायचं नसेल तर नाक्यावर एक गाळा रीतसर भाडेकराराने घ्या आणि कंपनी त्या पत्त्यावर काढा. घराचं नाव पुढे चढलं की पत्ता बदलता येतो. त्याच गावात बदलायला संचालक मंडळाचा ठराव आणि एक फॉर्म पुरतो.